नानांच्या गाडीची धुरी

दिनांक : एप्रिलचा तिसरा रविवार, सकाळ.
स्थळ : सावद्याजवळच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमागची जुनी बारदानाची खोली.
हजर : मुरलीधर झोपे, म्हणजे नाना, या कोल्ड स्टोरेजचे मुख्य भागीदार. बाकीचे भागीदार, सगळे केळीवाले. त्यांत सर्वांत वडील धोंडूआबा. चेंबरचा ऑपरेटर गोकुळ, भिंतीला टेकून, सगळ्यांपासून लांब. धुळ्याहून मुद्दाम आलेले अन्वरभाई मिस्त्री. मी, संध्या, ऑफिस सांभाळणारी. आणि एक लाल, छोटी, टर्बो इंजिनाची गाडी, बंद स्थितीत.
गैरहजर : पुष्पावहिनी, नानांच्या पत्नी. निरोप : "मले नाही पाह्यचा तो तमाशा."
विषय : ही गाडी केळी पिकवते की नाही.

ही नोंद मी त्या दिवशी केली तशी उतरवली आहे. तिच्यात चूक काही नाही. पण असा विषय सभेपुढे का आला, आणि तो आणणारा माणूस स्वतःच आरोपी असून स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करत का फिरत होता, हे तिच्यावरून कळणार नाही. त्यासाठी नाना माहीत असायला हवेत.

नानांचा जन्म केळीत गेला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन, आणि पेनाच्या शेजारी टायरची हवा मोजायचं मीटर. कोणतीही वस्तू हातात आली की आधी अंगठ्याने हलकेच दाबायची आणि मग तिचा वास घ्यायचा, ही त्यांची रीत. मी नवीन प्रिंटर आणला तेव्हा त्यांनी प्रिंटरही दाबून, हुंगून पाहिला आणि म्हणाले, "माल बरा आहे." केळीच्या बाबतीत हे नाक आमच्या भागात प्रमाण मानलं जायचं. नानांनी कच्चं म्हटलं की कच्चं. लांबचे व्यापारी माल न बघता, फोनवर नानांचा तेवढा एक शब्द ऐकून गाडी भरायला सांगत.

साठी आली तेव्हा त्यांच्याबरोबरच्या भागीदारांनी उंच, पांढऱ्या, मोठ्या गाड्या घेतल्या होत्या. अशा गाडीत बसलं की स्वतःची बाग कुंपणावरून दिसते, हा तिचा मोठा फायदा. नानांनी लाल, बुटकी, मागून अर्धवट कापल्यासारखी दिसणारी गाडी आणली. पेढे वाटायला ते ऑफिसात आले तेव्हा धोंडूआबा तिथेच होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "मुरल्या, बाकीची गाडी कधी येणार?"

नाना हसले. त्यांना ती गाडी का हवी होती ते त्यांनी मला नंतर सांगितलं. नाशिकच्या भाच्याने चांदवडच्या चढावर त्यांना असल्याच एका गाडीत बसवून पाय दाबला होता. "ताई, पाठीवर मागून कोणी हात ठेवावा तसं झालं. लहानपणी आमची बैलगाडी चढाले अडली का आमचा बाप मागून खांदा लावायचा. तसंच. मी मागं वळून पाह्यलं, खोटं नाही सांगत."

टर्बो म्हणजे काय हे ते भेटेल त्याला समजावत. इंजिनातून वाया जाणारा जो एक्झॉस्ट असतो त्याच्यावर एक पंखा फिरतो. तो पंखा दुसरा पंखा फिरवतो. आणि तो दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. "म्हणजे आपल्याच फेकलेल्या मालावर आपण श्रीमंत," असा ते समारोप करत. गाडीच्या बाबतीत ते नेहमी 'एक्झॉस्ट' म्हणत. 'धूर' हा शब्द त्यांनी ट्रॅक्टरसाठी ठेवला होता.

आता मुख्य अडचण. नाना गाडी हळू चालवत. हळू म्हणजे हौसेने हळू नव्हे. त्यांना दुसरं येतच नव्हतं. सगळं आयुष्य केळी वाहिलेला माणूस. केळीला धक्का लागला की साल काळी पडते, आणि काळी पडलेली साल व्यापाऱ्याला दिसतेच. त्यामुळे त्यांच्या पायाला ब्रेक माहीत होता, गिअर माहीत होता, पण दाबणं माहीत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर कामासाठी बऱ्याचदा जळगावला गेले आहे. एकदा भुसावळच्या अलीकडे एसटीने आम्हाला ओलांडलं, तेव्हा चालकाने मान वाकवून आत पाहिलं. कोणी आजारी आहे का, अशा काळजीने.

"पाह्यलं का ताई, गेला," नाना म्हणाले. "मी मनात आणलं असतं तर?"

"आणायचं होतं की मग."

"केळं दचकलं असतं."

"नाना, गाडीत केळी नाहीत."

त्यांनी आरशातून मागची रिकामी सीट पाहिली. "हो ना," म्हणाले, आणि तसेच चालवत राहिले.

अशा माणसाने गाडीची ताकद वाढवायला घेतली. धोंडूआबांनी सरळच विचारलं, "तुले जायाचं तरी कुठी आहे?"

"कुठीच नाही, आबा. पण गाडीले माहीत पाहिजे ना, का जाता येतं."

या कामासाठी त्यांनी धुळं निवडलं. आग्रा रोडवर ट्रकांचे टर्बो दुरुस्त करणाऱ्या अन्वरभाईंचं वर्कशॉप आहे, वडिलांपासूनचं. नानांच्या केळीच्या ट्रकांचे टर्बो तिथेच जात. अन्वरभाई साठीच्या आसपासचे, नाकावर चष्मा, लॅपटॉपची कळ एका बोटाने दाबणारे. त्यांनी लहान गाड्यांचं काम उशिरा शिकून घेतलं होतं, आणि धुळ्यात त्यासाठी फारशी गिऱ्हाइकं नसल्यामुळे नाना आले की दोघांचा दिवस आनंदात जायचा. पहिल्याच भेटीत अन्वरभाई म्हणाले होते, "नाना, बठ्ठं करी दिसू. पन तुम्ही चालावशात का?" म्हणजे, सगळं करून देईन, पण तुम्ही चालवाल का?

"तुम्ही करा. चालवायचं मी पाह्यतो."

मग कामं सुरू झाली. पहिल्यांदा हवेचा मोठा फिल्टर. मग गाडीच्या संगणकातला तक्ता बदलला, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल द्यायचं ते. मग जाड पाइप, मोठा इंटरकूलर. हा इंटरकूलर म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा थंड करणारी जाळी. आणि एक नवा सायलेन्सर, जो प्रत्यक्षात काहीच सायलेंट करत नव्हता. नाना डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत. "गळा मोकळा झाला पाहा," म्हणत. वहिनी म्हणत, "गाडीचा झाला, शेजाऱ्यांचे कान गेले."

गाडी खाली बसवण्याचं काम मात्र चुकलं. बुटकी गाडी वळणावर कलत नाही, असं नानांनी कुठेतरी वाचलं होतं. वळणावर ते ज्या वेगाने जात त्या वेगाने बैलगाडीही कलत नाही. पण त्यांनी स्प्रिंगा कापून घेतल्या. आमच्या गावात जितके पुढारी तितके स्पीडब्रेकर आहेत आणि प्रत्येकाने आपला उंच केला आहे. त्या दिवसापासून नाना ब्रेकर आला की गाडी तिरकी करून एकेक चाक चढवत. मागे ट्रॅक्टरांची रांग लागे. पानटपरीवरची माणसं उठून खाली वाकून बघत: "या, या... अजून या... थांबा नाना, पोट लागलं!" कोणी जहाज बंदराला लावावं तसं रोज चाले.

त्याच खेपेला अन्वरभाईंनी त्यांना शर्यतीच्या गाडीसारख्या दोन खोलगट सीटा बसवून दिल्या होत्या. त्या दिवशी नाना आणि वहिनी धुळ्याहून गाडी घेऊन परत येताना पारोळ्याला वहिनींच्या भाचीच्या लग्नाला थांबणार होते. मी तिथे आधीच पोचले होते. गाडी मांडवासमोर थांबली. बँडवाल्यांना वाटलं नवरदेव, त्यांनी सुरुवात केली. नाना उतरले. वहिनी उतरायला गेल्या आणि उतरल्या नाहीत. अंगावर शालू, सीट बादलीसारखी, गाडी जमिनीला टेकलेली. नाना दार धरून शांतपणे सांगत होते, "आधी पाय बाहेर. मग वजन पुढं. मग डोकं." शेवटी चार बायकांनी मिळून त्यांना ओढलं. बँड वाजतच होता.

"मले काय विहिरीतून काढू राह्यले का?" वहिनी ओरडल्या. उभ्या राहिल्या, पदर नीट केला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात नानांना म्हणाल्या, "आता एक तर ही खुर्ची जाईल नाही तर मी."

खुर्ची गेली, पण वहिनींच्या बाजूचीच. नानांनी आपली ठेवली. त्यामुळे पुढे कायम असं झालं की गाडीत नाना वीतभर खाली आणि वहिनी वीतभर वर. बायकोशी बोलायचं तर त्यांना मान वर करावी लागे. गावाने पाहिलं आणि म्हटलं, आता बरोबर आहे.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते उन्हाळ्यामुळे.

मार्च संपत आला की आमच्याकडे दुपारी हवा अशी होते की दारात उभं राहिलं तरी भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. अन्वरभाईंनी आधीच सांगितलं होतं की गरम हवा विरळ असते आणि तिच्यावर टर्बो काही करू शकत नाही. जितकी थंड हवा तितकी ताकद. नानांची गाडी डिसेंबरात जी पाठीवर हात ठेवायची ती आता ठेवेना. हे ऐकून दुसरा कोणी पावसाळ्याची वाट बघत बसला असता. पण नानांच्या मालकीत अख्ख्या तालुक्यातली सर्वांत थंड हवा होती, तीही दरवाजा आणि कुलूप असलेली.

शेवटच्या चेंबरचा, म्हणजे थंड खोलीचा, पुढचा भाग बहुतेक वेळा रिकामा असायचा. मागे परदेशी जाणाऱ्या केळीच्या पेट्या रचलेल्या. कच्च्या, हिरव्यागार, कंटेनरची वाट बघणाऱ्या. नाना दुपारी गाडी त्या रिकाम्या भागात लावत. गाडी तासभर थंड होई. मग दार अर्धं उघडं ठेवून ते ती चालू करत, लॅपटॉपवर आकडे बघत, आणि खूश होऊन बाहेर काढत. दार उघडायचं काम गोकुळचं. गोकुळ नानांकडे वीस वर्षांपासून आहे. नानांनी त्याला चेंबरमध्ये हत्ती घालायला सांगितला असता तरी त्याने आधी दारच उघडलं असतं.

मी एकदा त्यांना म्हटलं, "नाना, हे चेंबर केळीचं आहे."

"ताई, केळं कुठं हलवलं मी? ते मागं, मी पुढं."

एकदा त्यांनी मलाही बसवलं. चेंबरमधून बाहेर पडल्यावर कालव्यापर्यंत सरळ रस्ता आहे. तिथे त्यांनी खरोखर पाय दाबला. आयुष्यात पहिल्यांदा असावा. गाडी झेपावली, माझं डोकं मागे गेलं. "हात ठेवला! ठेवला ना?" नाना ओरडले. मग पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी थांबली, तिरकी झाली, एकेक चाक चढवून पलीकडे गेली. तोवर सगळं पुन्हा तापलं होतं. इतके पाइप, जाळ्या, तक्ते आणि धुळ्याच्या खेपा, त्यांचं सगळं फळ फाटकापासून पहिल्या ब्रेकरपर्यंतचं होतं. नानांना ते पुरेसं वाटत होतं.

मग कंटेनर आला. तो येणार होता त्यापेक्षा काही दिवस उशिरा आला, आणि भरण्याआधी पेट्या उघडून पाहिल्या तर शेवटच्या चेंबरमधल्या केळीने रंग धरला होता. पूर्ण पिवळा नव्हे. हिरव्यात पिवळी झाक. पण परदेशी जाणाऱ्या मालाला एवढंही चालत नाही. कंटेनर रिकामा परत गेला. ती केळी एकट्या नानांची नव्हती. सगळ्याच भागीदारांची होती.

नाना त्या दिवशी दात दाखवायला जळगावला गेले होते. ते येईपर्यंत इकडे निर्णय झाला होता. गोकुळने रात्री दार नीट लावलं नसणार, किंवा थंडावा कमी केला असणार, किंवा झोपला असणार. तिन्हींपैकी काहीही असो, गोकुळ गेला पाहिजे. गोकुळ खाली मान घालून उभा. तो काहीच बोलला नाही, आणि न बोलणं हा कबुलीजबाब धरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. गाडी फाटकाजवळ लावली, थेट चेंबरमध्ये गेले. मी मागे गेले. त्यांनी पेटी उघडली, एक फणी उचलली, अंगठ्याने दाबली, नाकाशी धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "हे दार उघडं राहिल्यानं नाही झालं. हा धुरीचा माल आहे."

धुरी म्हणजे जुनी पद्धत. पिकवणीची चेंबर यायच्या आधी आमच्याकडे केळी बंद खोलीत रचून, कोपऱ्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवून, धुराने पिकवत. आज ती कोणी देत नाही, पण वास नानांना लहानपणापासून माहीत. ते बाहेर आले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "गोकुळ, इथी धूर कोणी केला?"

गोकुळने आपल्या पायांकडे पाहिलं. मग मान न उचलता, फक्त डोळे, फाटकाकडे नेले.

नानांनी तिकडे पाहिलं. फाटकाजवळ लाल गाडी उभी होती. नाना चेंबरच्या पायरीवर बसले. दाबून पाहायला, वास घ्यायला हातात काही नव्हतं. ते नुसताच अंगठा चोळत राहिले. अख्ख्या तालुक्याने ज्या नाकावर विश्वास ठेवला त्या नाकासमोर त्यांनी रोज दुपारी केळीला धुरी दिली होती. वास आला नव्हता असं नाही. त्यांना तो एक्झॉस्टचा वाटला होता.

"गोकुळ," ते म्हणाले, "तू बोलला काहून नाही?"

"मले कुठी माहीत होतं नाना? आता तुमी धूर म्हटलं तवा समजलं."

"आन काल? इतकं बोलले तुले लोक."

"दार मीच उघडत होतो ना," गोकुळ म्हणाला.

दुपारी नानांनी भागीदारांना बोलावून सांगितलं की हे त्यांनी केलं आहे, गाडीने केलं आहे, गोकुळचा संबंध नाही. मला वाटलं होतं आता भांडण होईल. झालं ते वेगळंच. कोणी विश्वासच ठेवला नाही.

"नाना, तुमी गोकुळले वाचवू राह्यले."

"नानांचा स्वभावच तसा आहे. माणूस जाऊ देणार नाहीत."

"गाडीच्या धुरानं केळं पिकत असतं, तर हायवेकडचे बाग कधीच पिवळे झाले असते!"

यावर सगळे हसले. नाना पोटतिडकीने समजावत राहिले: उघड्यावर वेगळं, बंद खोलीत वेगळं, धुरात जो गॅस असतो तोच चेंबरवाले नळकांड्यातून विकत घेऊन सोडतात, गाडीच्याही धुरात तोच असतो. ते जितकं समजावत तितकी लोकांची खात्री पटे की बिचारे नाना गोकुळसाठी किती खोटं बोलतायत. आयुष्यभर खरं बोलून मिळवलेली पत त्या दुपारी त्यांच्या खऱ्याच्या आड आली. सभेत ठरलं : महिनाअखेर गोकुळला सुट्टी.

गोकुळ पन्नाशीचा. त्याला दुसरं काही येत नाही, आणि ज्याने माल पिकवला असा शिक्का बसलेल्या ऑपरेटरला आमच्या पट्ट्यात कुठलंही चेंबर दारात उभं करत नाही. नानांना हे माझ्याइतकंच माहीत होतं. ते उठून म्हणाले, "मी दाखवतो. डोळ्यांनी पाह्या. मग ठरवा."

अशी ती परीक्षा ठरली. अन्वरभाईंना धुळ्याहून बोलावलं. ते आले, सगळं ऐकलं, आणि पहिल्यांदाच नानांवर चिडले. "नाना, बंद खोलीमा इंजिन चालू करतस का कोनी? केळं पिकी जाई, पन मानूस मरी जाई!" त्यांनी गाडी बाहेरच उभी केली, लांब रबरी नळी आणली, एक टोक सायलेन्सरला बांधलं, दुसरं बारदानाच्या खोलीत सोडलं. आत एका बागेची, एकाच दिवशी कापलेली कच्ची केळी. तसलीच केळी पलीकडच्या खोलीत, नळीशिवाय. दोन्ही खोल्यांना कुलूप; किल्ल्या धोंडूआबांकडे. रोज सकाळ-संध्याकाळ नाना गाडी थोडा वेळ चालू ठेवत. गाडी जागची हलत नव्हती, आणि नाना तिच्या शेजारी, घरच्या माणसाला सलाईन लावल्यासारखे, खुर्ची टाकून बसत.

पैजा लागल्या. जवळजवळ सगळ्या गाडीविरुद्ध.

"नाना, कशाले गाडीचा जीव घेता?"

"ताकद वाढवली ना एवढी? मग पिकवल ती, पिकवल," दुसरा चिडवायचा.

आणि मग तो रविवार. धोंडूआबांनी पहिल्यांदा पलीकडची खोली उघडली. केळी हिरवी. मग बारदानाची. दार उघडताच पिकल्या केळीचा वास बाहेर आला. बघायची गरजच उरली नाही. तरी सगळे आत गेले. प्रत्येक फणी पिवळी. एकसारखी, डाग नाही, टोकं नाजूक हिरवी.

आबांनी एक केळ सोललं, खाल्लं, साल हातातच धरून उभे राहिले. "मुरल्या," ते म्हणाले, "तुझा बाप अन् मी एकाच खोलीत धुरी द्यायचो. तू लहानपणी त्या खोलीबाहेर खोकत बसायचा. तुले कळलं नाही?"

"आबा, मले तो धूर वाटलाच नाही," नाना म्हणाले. "इतक्या लांबून आणला, इतक्या कौतुकानं बसवला. त्याले धूर कसं म्हणू?"

गोकुळ राहिला, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण ठरलं. भागीदारांतल्या एकाने गोकुळच्या हातात पिकलेली फणी दिली. आमच्याकडे माफी मागायची तीच पद्धत आहे. नुकसान नानांनी पुढे भरून दिलं. त्याचा हिशेब इथे नको.

मात्र सभा मोडल्यावर जे झालं ते नानांना जास्त लागलं. भागीदार खोलीतच रेंगाळले आणि मालाची तारीफ करू लागले. "काय रंग आलाय!" "नळकांड्याच्या गॅसनं असा नाही येत." फैजपूरच्या एका व्यापाऱ्याने आठवड्याभरात निरोप पाठवला, गाडी सणापुरती भाड्याने मिळेल का. गाडी आणल्यापासून तिच्याविषयी गावाने काढलेले हे पहिले चांगले शब्द. नाना म्हणाले, "ताई, शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं."

त्यांनी गाडी विकली नाही, मूळ रूपातही आणली नाही. वहिनींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "चूक माझी. गाडीनं तर सांगितलं तेवढंच केलं." फक्त ती चेंबरच्या बाजूला कधी आणली नाही. फाटकाबाहेर लावत आणि उन्हातून चालत येत.

आणि मला एक काम दिलं. शेवटच्या चेंबरच्या दारावर बोर्ड लावायचा. मजकूर त्यांनी स्वतः सांगितला : 'या चेंबरजवळ कोणतेही वाहन चालू करू नये. मी केले होते. त्यामुळे सर्वांचा माल पिकला आणि आळ गोकुळवर आला. मुरलीधर झोपे.'

मी म्हटलं, "पहिलं वाक्य पुरे आहे, नाना."

"नियम कोणी वाचत नाही, ताई. माणसाचं नाव असलं का थांबून वाचतात."

भागीदारांनी ऐकलं आणि एकमुखाने विरोध केला. पाहुणे येतात, तपासणीला साहेब येतात, आपल्या मुख्य माणसाचं नाव चुकीसाठी दारावर? सर्वांत जास्त विरोध गोकुळने केला. तो म्हणाला, त्या दाराची उघडझाप त्याला रोज करायची आहे, आणि रोज ते वाचून त्याचा हात चालणार नाही. नाना ऐकेनात. पत्रा कापून आणला. पेंटरने त्याला पिवळ्या रंगाचा हात दिला, तो नानांनी पुसून हिरवा द्यायला लावला. पिवळा त्यांना बघवेना.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते शेवटचे ऑफिसात आले. तब्येत उतरली होती, चालताना दम लागत होता. तरी गाडी फाटकाबाहेरच लावली होती. पत्रा ऑफिसातल्या भिंतीला टेकवून ठेवला होता, अजून कोराच. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. माझ्या टेबलावरून खडू घेतला, खाली बसले, आणि सगळा मजकूर स्वतःच्या हाताने पत्र्यावर लिहिला. 'गोकुळ' लिहिताना अक्षर थोडं मोठं काढलं. उठायला त्यांना माझा हात लागला.

"पेंटर आला का यावरूनच फिरवायले सांगा," म्हणाले.

मग चालत फाटकाकडे गेले, खाली वाकून गाडीत बसले. ती मोकळ्या गळ्याने गरजली, आणि नाना सायकलीच्या वेगाने, मागे केळी भरली असावीत अशा बेताने, गावाकडे गेले. थंडीत ते वारले.

आता भागीदारांचं म्हणणं असं, की नाना जिवंत असताना आपण नको म्हटलं, तर गेलेल्या माणसाचं नाव चुकीसाठी कसं लावायचं. वहिनी मला दर भेटीत एवढंच विचारतात, "लागला का तो?" खडूची अक्षरं फिकी झाली आहेत, पण वाचता येतात. गोकुळ सकाळी दार उघडायला जाताना पत्रा भिंतीकडे तोंड करून ठेवतो. मी आल्यावर तो सरळ करते. दुपारी पाहावं तर पुन्हा भिंतीकडे. पेंटरला दोनदा निरोप दिला. तो आला नाही. उद्या पुन्हा द्यायचा आहे.